पाट्याचं काम न घेणारा मेस्त्री

येसो मेस्त्रीशी माझी ओळख झाली ती एका स्टोव्हमुळे, आणि पहिल्याच भेटीत त्यानं मला खुनी ठरवलं.

मी तेव्हा शिरोड्याला डॉक्टर नाबरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. मूळचा आरोंद्याचा, पण रोजचं येणं-जाणं परवडत नव्हतं म्हणून बाजारामागे एक खोली घेऊन राहिलो होतो. इंजेक्शनच्या सुया उकळायचा स्टोव्ह एक दिवस बसला. तो पिशवीत घालून मी मेस्त्रीच्या शेडीत गेलो. झावळ्यांनी शाकारलेली शेड, आत अर्धवट उघडलेली दोन-तीन इंजिनं, कोपऱ्यात लोहाराची भट्टी, आणि मधोमध खाकी अर्ध्या चड्डीतला एक उघडाबंब माणूस. कानामागे खडू. त्यानं स्टोव्ह हातात घेतला, उलटा केला आणि माझ्याकडे बघितलं.

"कोणी मारल्यान हेका?"

"मारला नाही, बंद पडला."

"पिन कसली घातलंस?"

मी कबूल केलं की स्टोव्हची पिन सापडली नाही म्हणून केसांतली घातली.

"बायलेची?"

"लग्न नाही झालं अजून."

"मगे कोणाची?"

ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंपाशी जाऊन थांबत होतं, म्हणून मी भट्टीकडे बघू लागलो. शेडीच्या दुसऱ्या टोकाला जुन्या टायरवर एक माणूस बसला होता, तो खो खो हसायला लागला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. कुबडी बाजूला टेकलेली, पुढ्यात चहाची किटली आणि विड्यांचा डबा. हा गुणाजी. मेस्त्रीच्या शेडीत त्याचं चहाचं दुकान होतं आणि मेस्त्रीच्याच घरात त्याचं जेवणखाण. मी पुष्कळ दिवस त्याला मेस्त्रीचा भाऊ समजत होतो, कारण दोघं एकमेकांना ज्या शिव्या देत त्या परक्या माणसानं ऐकून घेतल्या नसत्या.

मेस्त्री कसालहून शिरोड्याला आला होता, बायकोच्या माहेरगावी. हातोड्याच्या आवाजानं त्याचा डावा कान गेलेला होता, आणि त्या कानाचा त्यानं भरपूर उपयोग करून घेतला. गिऱ्हाईक गाडीबद्दल सांगायला लागलं की तो डावी बाजू त्याच्याकडे करायचा. सांगून झालं की म्हणायचा, "झाला? आता गप ऱ्हव. गाडयेक विचारतंय." मग खरंच इंजिनाला उजवा कान लावून डोळे मिटून उभा राहायचा. गिऱ्हाईक खोटं बोलतं ह्याबद्दल त्याच्या मनात कधी शंका आली नाही.

माणसंही तो यंत्रासारखी तपासायचा, आणि तीसुद्धा मागून. रस्त्यानं कोणी गेलं की मान वळवून त्याची पाठमोरी चाल बघायचा. "डावो खुबो बसलो हा," असं आमच्या पोस्टमास्तरांबद्दल त्यानं सांगितलं होतं, आणि सहा महिन्यांनी पोस्टमास्तर खरोखरच काठी घेऊन चालू लागले. गावातले लोक मुलीसाठी स्थळ बघायला गेले की परतताना नवऱ्यामुलाला काहीतरी निमित्तानं शेडीवरून चालत नेत. एकदा मेस्त्रीनं एका मुलाकडे बघून नुसती मान हलवली आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. त्या मुलाच्या बापानं शेडीत येऊन तमाशा केला. मेस्त्री त्याला शांतपणे म्हणाला, "मी पोराक नाय म्हणूक नाय. माझे मानेर माशी बसली होती."

भातगिरणीच्या मालकाची गोष्ट तर मी डोळ्यांनी बघितली. गावात सगळ्यांत बडा माणूस. निरोप आला, इंजिन बिघडलंय, ताबडतोब ये. मेस्त्री गेला, इंजिनाभोवती एक फेरी मारली, टाकीवर बोटानं टकटक केलं आणि मालकाला म्हणाला, "हँडल मार."

"मी?"

"इंजिन तुझा मां?"

गिरणीत दळपाच्या टोपल्या घेऊन दहा-पंधरा बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मालकानं धोतर खोचून हँडल मारायला सुरुवात केली. मेस्त्री मोजत होता. तिसाव्याला मालक पांढरा पडला, चाळिसाव्याला खाली बसला. मग मेस्त्री म्हणाला, "आता टाकयेत तेल घाल."

"तेल नाय?"

"थेंब नाय."

"मग आधी कित्याक नाय सांगलंस?"

"तू माका सांगलंस, इंजिन बिघडला. तेल संपला म्हणान तू सांगूक नाय."

त्या बायकांनी ही गोष्ट आठवड्याच्या आत पलीकडच्या रेडी गावापर्यंत पोचवली.

असा हा माणूस. मचव्याचं इंजिन, पंप, मोटारसायकल, शिवणाचं यंत्र, काहीही आणा, तो शिव्या देत घ्यायचा. फक्त एक काम घ्यायचा नाही. गाडीच्या पाट्याचं. गाडीचा मागचा सगळा भार ज्यांवर बसतो त्या पोलादी पट्ट्या, एकावर एक रचून कमानीसारख्या वाकवलेल्या, त्यांना आम्ही पाटे म्हणत असू. ट्रकवाला येऊन "पाटो मोडलो" म्हणाला की मेस्त्रीचा डावा कान पुढे यायचा आणि तो तिथेच राहायचा. "वाडीक जा," एवढंच; वाडीला मोठी गॅरेजं होती. का, ते कोणी विचारलं तर गुणाजी चहाच्या किटलीचं झाकण जोरात आपटायचा. त्या आवाजानंतर विषय बदलावा लागे.

आता डॉक्टरांच्या गाडीकडे येतो.

गोव्यातून पोर्तुगीज गेले आणि त्यांच्यामागून लिस्बनला निघालेल्या एका भाटकारानं, म्हणजे तिकडच्या जमीनदारानं, आपली गाडी आमच्या डॉक्टरांना विकली. लाल, बुटकी, दोन माणसांची इंग्रजी स्पोर्ट गाडी. टप गुंडाळून मागे ठेवता यायचं. आरोंद्याच्या तरीवर दोन होड्या एकमेकींना बांधून, वर फळ्या टाकून तिला खाडीपार आणली तेव्हा अर्धा गाव काठावर होता. डॉक्टर होते अंगानं चांगले भरदार. ते आत बसले की गाडी उजवीकडे झुकायची, आणि सीट इतकी खाली की रस्त्यावरच्या माणसाला नमस्कार केला तर तो त्याच्या गुडघ्याला पोचायचा. पण डॉक्टर तिच्यावर खूश होते. पूर्वी बैलगाडीनं जिथे अर्धा दिवस लागे तिथे ते आता पाऊण तासात पोचत.

मेस्त्रीनं गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा तिच्याभोवती दोनदा फिरला. मग मागे उकिडवा बसला आणि बराच वेळ तसाच राहिला. "देखणी आसा," म्हणाला. त्याच्या तोंडून कशाची स्तुती मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. लगेच उठून डॉक्टरांना म्हणाला, "पण दोघांचीच हां. तुमी एकटेच दोघे आसास."

डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं. मग व्हायचं ते झालं. आरोंद्याच्या बाजूला एक बाळंतीण अडली होती. डॉक्टरांनी तिला शेजारच्या सीटवर घातलं, आणि तिची सासू ऐकेना म्हणून तिला मागे, गुंडाळलेल्या टपावर बसवलं. सासू डॉक्टरांच्याच तोलाची. वाटेत एका साकवावरून, ओढ्यावरच्या अरुंद पुलावरून, उतरताना मागून काडकन आवाज आला. उरलेला रस्ता गाडी शेपूट जमिनीला लावून आली, चाक मडगार्डला घासून धूर निघत होता. बाळंतीण सुखरूप सुटली, मुलगा झाला. सासू मात्र पंधरा दिवस कंबर शेकत होती आणि प्रत्येक शेकाला डॉक्टरांचं नाव घेत होती.

मी गाडी ढकलत मेस्त्रीच्या शेडीत नेली. मेस्त्री खाली वाकला, हातानं चाचपलं. उजव्या बाजूचा मुख्य पाटा मधोमध तुटला होता, डावीकडचे सगळे बसून सपाट झाले होते. तो उभा राहिला, हात पुसले.

"वाडीक नेवा."

"वाडीला कशी नेणार? इथवरच ढकलत आणली."

डावा कान. मी परत आलो.

डॉक्टर म्हणाले, "जाऊ दे. मुंबईहून नवे पाटे यायला तीन महिने जातील. तुटलेला पाटा काढून वाडीला पाठवू, वेल्डिंग करून आणू. काम भागेल."

हे मी शेडीत जाऊन सहज सांगितलं, चहा पिता पिता. "वेल्डिंग" हा शब्द ऐकल्याबरोबर मेस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला.  बोलला तो गुणाजी, आणि माझ्याकडे न बघता.

"करूंदेत, करूंदेत. बरा जायत. दवाखान्यात आणखी एक लंगडो बसात. माका सोबत."

"गुणाजी, तोंड बंद कर."

"दहा वर्सां बंदच आसा. पाटो मोडलो तेव्हा ट्रकात मी होतंय. तू नाय होतंस. तुका भियाक काय झाला?"

मेस्त्री शेडीबाहेर निघून गेला. मग गुणाजीनं मला सांगितलं, चहाचे पेले विसळत, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. कसालला मेस्त्रीचं मोठं गॅरेज होतं. गुणाजी एका मालाच्या ट्रकवर क्लीनर. ट्रकचा पाटा मोडला, मालकाला घाई होती, नवा पाटा यायला वेळ लागणार होता. मेस्त्रीनं तुटका पाटा वेल्डिंग करून दिला आणि क्लीनरला म्हणाला, जा, काय जायत नाय. घाटाच्या उतरणीवर तोच जोड सुटला. ट्रक कलंडला. गुणाजी मागे पोत्यांवर बसला होता, तो पोत्यांखाली गेला. मेस्त्रीनं महिन्याभरात गॅरेज बंद केलं आणि इस्पितळातून गुणाजीला उचलून थेट घरी आणलं. त्याला विचारलंसुद्धा नाही.

"मागीर?" मी विचारलं.

"मागीर काय? वयनी बरी जेवणा करता. ऱ्हवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना भरलेला असताना मेस्त्री त्याच अर्ध्या चड्डीत आत घुसला. डॉक्टर एका म्हातारीची छाती तपासत होते.

"डॉक्टर, तुमी मेलेल्या माणसाक टाके घालतास?"

"नाही. का?"

"मगे मेलेल्या पाट्याक कित्याक घालतास? गाडी मी करतलंय. पण मी सांगीन तेव्हा मिळतली. मधी विचारूक येयचा नाय."

म्हातारीला वाटलं मेलेला माणूस म्हणजे आपणच. तिला समजावताना माझा अर्धा तास गेला.

पुढचे तीन आठवडे मी संध्याकाळी दवाखाना आटोपला की शेडीत जाऊन बसायचो. मेस्त्री कसालला गेला आणि भंगारात पडलेल्या एका मिलिटरी जीपचे पाटे घेऊन आला. रुंदीला ते बरोबर बसत होते. जमिनीवर त्यानं खडूनं कमानीचं चित्र काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. वयनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्या जागेवरून पाय टाकायला बंदी. ती बिचारी पाण्याची कळशी घेऊन शेडीला वळसा घालून जायची आणि जाताना आतल्या दोघांचा उद्धार करायची.

भात्यावर गुणाजी बसला. एका हातानं भाता, दुसऱ्या हातात विडी. मेस्त्री पोलाद लाल करून ऐरणीवर वाकवायचा, चित्रावर ठेवून बघायचा, पुन्हा भट्टीत. पाट्याच्या टोकाला गोल डोळा वळवावा लागतो, त्यातून बोल्ट जातो. तो डोळा वळवायला त्याला चार दिवस लागले. मग ते लाल पोलाद तेलात बुडवायचं. तेल कुठलं, तर होड्यांना लावतात ते माशाचं. पहिला पाटा बुडवला तेव्हा जो वास सुटला त्यानं बाजारातली सगळी मांजरं शेडीसमोर येऊन बसली. मी मोजली, एकोणीस होती. ती काम संपेपर्यंत हलली नाहीत. शाळेच्या हेडमास्तरांनी लेखी तक्रार केली. मेस्त्रीनं ती वाचून मांजरांसमोर ठेवली.

पहिला मुख्य पाटा तयार झाला तेव्हा मेस्त्रीनं तो दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा टाकला आणि वरून जॅकनं दाबायला सुरुवात केली. आम्ही बघत होतो. पाटा वाकला, आणखी वाकला, आणि फट्‌कन दोन तुकडे. एक तुकडा माझ्या डोक्यावरून जाऊन झावळ्यांत रुतला.

मेस्त्री तिथेच बसला.  मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. मला वाटलं संपलं, आता हा पुन्हा "वाडीक नेवा" म्हणणार.

गुणाजीनं विडी विझवली. "बरा झाला. हयसरच मोडलो. घे दुसरो," म्हणाला आणि भाता मारायला लागला.

दुसऱ्या वेळी मेस्त्रीनं पोलाद तेलातून काढल्यावर, ठिसूळपणा जावा म्हणून, पुन्हा हळूहळू तापवलं आणि त्यावर सुकी काठी घासत राहिला. काठीतून बारीक ठिणग्या सुटायला लागल्या तेव्हा पाटा बाहेर काढून आपल्या आपण निवू दिला. हा पाटा जॅकखाली जमिनीला टेकला आणि जॅक सोडल्यावर निमूटपणे पूर्वीसारखा झाला. मेस्त्रीनं तो पंचवीस वेळा दाबला. मग एकेक करत बाकीचे सगळे त्यानं तसेच दाबून बघितले.

माझाही ह्या कामात थोडा वाटा आहे. गाडीच्या मागे हादरे खाणारे जे दोन डबे होते त्यांतलं तेल गळून गेलं होतं. मेस्त्रीनं विचारलं, दवाखान्यात एरंडेल आहे का. मी दोन मोठ्या बाटल्या आणून दिल्या. पुढचा महिनाभर शिरोड्यात ज्यांचं पोट साफ होत नव्हतं त्यांच्या वाट्याचं एरंडेल डॉक्टरांची गाडी प्यायली असं म्हणायला हरकत नाही.

ह्या काळात डॉक्टर सायकलवर फिरत होते. त्यामुळे ते वजनानं जरा उतरले. मेस्त्रीनं त्यांना एकदा पाठमोरं जाताना बघितलं आणि समाधानानं मान डोलावली. तरी गाडी जोडताना त्यानं उजवीकडे एक पाटा जास्त घातलाच. "ह्यो डॉक्टरांचो," मला म्हणाला. "सांगू नुको."

गाडी तयार झाली. लाल रंग तोच, पण आता ती मागून ताठ उभी होती. मेस्त्री डॉक्टरांना म्हणाला, "चालवा तुमी. आरोंद्याक जावन येवया. साकवावरसून." तो स्वतः शेजारच्या सीटवर बसणार होता, मागे वळून, चाकाकडे तोंड करून. आणि मागे टपावर वाळूची दोन पोती ठेवायची होती, सासूच्या जागी.

मेस्त्री पोती आणायला वळला तर गुणाजी कुबडी टेकत गाडीपाशी पोचला होता. एक हात मडगार्डवर ठेवून तो मागे चढून बसलासुद्धा.

"उतर."

"पोती कित्याक व्हयी? मी आसंय."

"गुणाजी, उतर म्हणतंय मा."

"पोत्यांक सांगाक येयत काय, मागे कसा लागता ता?"

मेस्त्री वयनीकडे बघायला लागला. तिनं तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं. डॉक्टरांनी गाडी चालू केली. मग मेस्त्री आत बसला, गुडघ्यांवर, उलटा, आणि त्यानं एका हातानं गुणाजीची पैरण घट्ट धरली. तसे ते तिघे गेले.

दोन तास मी आणि वयनी शेडीत बसून होतो. ती तांदूळ निवडत होती. एकच सूप तिनं तीनदा निवडलं. मध्ये एकदा उठून रस्त्यापर्यंत गेली आणि मांजरांवर ओरडून परत आली.

गाडी आली ती हॉर्न वाजवत. मागे गुणाजी कुबडी उंच धरून बसला होता, केस धुळीनं पिवळे. डॉक्टर घामानं निथळत होते. म्हणाले, "हा माणूस मला त्या साकवावरून सहा वेळा घेऊन गेला. सहा वेळा!"

मेस्त्री उतरला आणि थेट गाडीखाली सरपटत गेला. खडूनं केलेली खूण तपासून बाहेर आला. "पाव इंच बसलो. तितको बसूचोच." मग तो गुणाजीला उतरवायला मागे गेला. त्याला काखेत धरून खाली घेताना अगदी हळू म्हणाला, पण मी जवळच होतो.

"त्या दिसा मी तुका जा म्हटलंय."

"म्हायत आसा," गुणाजी म्हणाला. "मी आयकलंय. आता माका सोड, च्याय करूची आसा. डॉक्टर आयलेत."

ह्यानंतर दोन वर्षांनी मला रत्नागिरीच्या इस्पितळात नोकरी लागली आणि मी शिरोडं सोडलं. डॉक्टरांनी पुढे ती गाडी विकली म्हणे. कोणाला, ते कळलं नाही.

मेस्त्रीला मी शेवटचं बघितलं ते त्यानंतर चार-पाच वर्षांनी. एका लग्नासाठी शिरोड्याला गेलो होतो. दुपारचं ऊन कलल्यावर समुद्राच्या रस्त्याला लागलो, तर मागच्या उतारावरून एक अजब वाहन भरधाव येताना दिसलं. तीन चाकं, हातानं फिरवायची साखळी. पुढे गुणाजी दोन्ही हातांनी दांडे फिरवत होता आणि मागे फळीवर मेस्त्री छत्री उघडून, पाय पसरून, जावयासारखा बसला होता. "उजवीक घे! अरे उजवी म्हणजे खंयची!" असा त्याचा हुकूम चालू होता. मासळीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका दोन्ही बाजूंना पळाल्या. गुणाजीनं मध्येच दोन्ही हात सोडून वर केले. मेस्त्री किंचाळला, छत्री उलटी झाली, आणि माझ्याकडे न बघता दोघं सुरूच्या झाडांआड दिसेनासे झाले.

"रोज ह्या येळाक जातत," बाजूला सरलेली एक मासळीवाली टोपली सावरत म्हणाली. "फटकी येवंदे मेल्यांक."

मी तिथेच एका दगडावर बसून राहिलो. सूर्य बराच खाली गेल्यावर चढावर ते पुन्हा दिसले. छत्री मिटून गुणाजीच्या मांडीवर होती. मेस्त्री खाली मान घालून, दोन्ही हात फळीला लावून, एकेक पाऊल टाकत गाडी वर ढकलत होता. त्याला धाप लागली होती. आता हुकूम गुणाजी सोडत होता.